आधी खाट, मग तिकीट : स्टॉकहोमहून आर्क्टिककडे, रेल्वेने आणि खिशाला झेपेल असं

पहिल्या खेपेला मी सगळं उलटं केलं. स्टॉकहोमहून नार्विकला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचं स्वस्त तिकीट दिसलं आणि हात थांबेना. परतीचंही काढून टाकलं. मार्चमधला शुक्रवार होता. राहण्याचं काय, तर ‘उतरल्यावर बघू’. कोकणात एसटीतून उतरलं की कुणीतरी ‘खोली हवी का’ विचारतंच, तसंच काहीसं डोक्यात असावं. उतरायचं होतं वाटेतल्या आबिस्कोला, आणि ते उत्तर स्वीडनमधलं मूठभर घरांचं गाव. सकाळी किरुनाच्या पुढे गाडीतूनच फोन फिरवायला लागले, तर एकही खाट शिल्लक नव्हती. बाहेर उणे अठरा. मुकाट्याने तशीच नार्विकपर्यंत गेले, मिळेल ती हॉटेलची खोली घेतली आणि तिकिटात वाचवलेले सगळे पैसे, वर थोडे जास्तच, एका रात्रीत फेडले.

आता क्रम पक्का आहे. उत्तरेत गाडीत जागा मिळते, गावात मिळत नाही. गाडीला अनेक डबे असतात, गावात हॉस्टेलं दोन किंवा तीन. त्यामुळे तारीख गाडीच्या भाड्यावरून ठरवायची नाही, खाटेवरून ठरवायची.

आधी नकाशा डोक्यात बसवा

या लेखात मी मुख्यतः एकच मार्ग घेते : स्टॉकहोम, बोडन, येलिवारे, किरुना, आबिस्को, नार्विक. साधारण दीड हजार किलोमीटर, अठरा ते वीस तास. बोडनला लुलेओचा फाटा मिळतो, येलिवारेच्या अलीकडे आर्क्टिक वृत्त ओलांडतं आणि बोडनपासून पुढे गाडी लोहखनिजाच्या मार्गावर चालते. हा मार्ग माणसांसाठी नाही, खनिजासाठी बांधला. किरुनाचं लोखंड नार्विकच्या न गोठणाऱ्या बंदरात न्यायचं म्हणून १९०३ मध्ये तो पुरा झाला. आजही तुमची गाडी बाजूला थांबते आणि अडुसष्ट वाघिणींची मालगाडी शांतपणे पुढून निघून जाते. चिडू नका, मार्ग तिचाच आहे.

दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवा. नार्विक नॉर्वेत असलं तरी नॉर्वेच्या बाकीच्या रेल्वेला ते जोडलेलं नाही, तिथला रूळ फक्त स्वीडनकडे येतो. नॉर्वेची स्वतःची रेल्वे उत्तरेला बूडोपर्यंतच जाते. आणि बोडन वेगळं, बूडो वेगळं. पहिलं स्वीडनमधलं जंक्शन, दुसरं नॉर्वेचा समुद्रकिनारा. घाईत तिकीट काढणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

केव्हा जायचं

डिसेंबर आणि फेब्रुवारी-मार्च महाग. डिसेंबरात सगळ्या जगाला अरोरा (रात्रीच्या आकाशातले रंगीत प्रकाशाचे पडदे) आणि नाताळ एकदमच हवा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वीडनच्या शाळांना हिवाळी खेळांची सुट्टी लागते, प्रत्येक भागाला वेगळ्या आठवड्यात, त्यामुळे गर्दी महिनाभर रेंगाळते. ईस्टर तसंच. जूनमधला मिडसमरचा सण (१९ ते २५ जूनमधला शुक्रवार) म्हणजे तर आपल्याकडचा लक्ष्मीपूजनाचा दिवस समजा : दुकानं बंद, बस कमी, माणसं आपापल्या घरी.

स्वस्त आणि चांगला काळ माझ्या मते एकच : सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. बर्चची पानं पिवळी होतात, डास संपतात, रात्री पुन्हा काळोख पडायला लागलेला असतो म्हणजे आकाश साफ असेल तर अरोराही दिसू शकतो. आबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत आहे, आजूबाजूला ढग असले तरी त्याच्यावरचं आकाश पुष्कळदा मोकळं असतं. आपल्या माणदेशासारखंच म्हणा, फक्त थंडी वेगळी. मध्यरात्रीचा सूर्य बघायचा असेल तर मे अखेर ते जुलैचा मध्य, पण त्या वेळी डासांसाठी जाळीची टोपी घ्या, हे मी गमतीत सांगत नाही. बाकीचा मे महिना टाळाच. बर्फ धड राहिलेला नसतो, धड गेलेला नसतो, वाटा चिखलाच्या आणि बरीच डोंगरी ठिकाणं त्या काळात बंद ठेवतात.

खाट शोधताना

स्वीडिशमध्ये हॉस्टेलला ‘वांद्रारहेम’ म्हणतात. शोधताना इंग्रजी शब्दाऐवजी हा शब्द टाकला की मोठ्या बुकिंग साइटवर न दिसणारी लहान ठिकाणं दिसतात. काहींचं बुकिंग अजूनही इमेलवर चालतं. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या ‘एसटीएफ’ या पर्यटन संस्थेची साखळी सगळ्यात मोठी. सभासदत्व घेतलं की दर रात्री सवलत मिळते, दोन-तीन रात्री राहणार असाल तर हिशोब करून बघा. डॉर्ममधली, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतली खाट साधारण तीनशे ते पाचशे क्रोना धरा. एक स्वीडिश क्रोना आठ ते दहा रुपयांच्या घरात फिरतो.

पण या किमतीत चादर नसते. भारतातून जाणाऱ्यांचा इथेच पहिला गोंधळ होतो. चादर, उशीची खोळ आणि टॉवेल आपले आणायचे, नाहीतर भाड्याने घ्यायचे, आणि ते भाडं तीन रात्रींचं मिळून चांगलंच होतं. स्लीपिंग बॅग चालेल असं समजू नका. ढेकणांच्या भीतीने बऱ्याच ठिकाणी ती गादीवर घालू देत नाहीत. दुसऱ्या खेपेच्या आधी आईने घरातली एक जुनी सुती डबल चादर मधोमध दुमडली, तळ आणि एक कड शिवली, वरच्या टोकाला उशी सरकवण्यापुरती खोळ ठेवली. घडी केली की पोळीच्या डब्याएवढी होते. डोंगरातल्या झोपड्यांतही अशी पिशवी लागते, तिकडे तिला ‘रेसलाकन’ म्हणतात आणि दुकानात चांगले पैसे घेतात.

दुसरी न दिसणारी किंमत म्हणजे निघतानाची साफसफाई. खोली आपण झाडून-पुसून द्यायची, नाहीतर पैसे भरायचे. बुकिंगच्या पानावर ‘स्लुटस्टेडनिंग’ हा शब्द दिसला की समजा. वीस मिनिटांचं काम आहे.

चौघं असाल तर डॉर्मचा नाद सोडा. कॅम्पिंगच्या आवारात ‘स्टुगा’ म्हणजे लाकडी खोपट मिळतं : चार बंक, दोन शेगड्यांचा ओटा, हीटर. संडास-न्हाणीघर बहुतेक वेळा आवारात, बाहेर. भाडं खोपटाचं असतं, माणशी नसतं. चार डोक्यांत वाटलं की डॉर्मपेक्षा स्वस्त पडू शकतं आणि रात्री बारा वाजता अरोरासाठी उठल्यावर कुणाची झोप मोडत नाही.

स्टेशनचं नाव नीट वाचा. आबिस्कोला दोन थांबे आहेत. ‘आबिस्को ओस्त्रा’ म्हणजे गाव, तिथे दुकान आहे आणि खाजगी हॉस्टेलं आहेत. ‘आबिस्को टुरिस्टस्टेशन’ म्हणजे एसटीएफचं डोंगरी ठाणं, राष्ट्रीय उद्यानाच्या दारात. मध्ये दीड-दोन किलोमीटरचं अंतर. जुलैत गप्पा मारत चालता येतं, जानेवारीत चाकाची बॅग ओढत ते अंतर जन्मात विसरणार नाही. किरुनाचं आणखी वेगळं : खाणीमुळे खालची जमीन खचते म्हणून अख्खं शहरच पूर्वेकडे सरकवलंय. नवा चौक २०२२ मध्ये सुरू झाला, आणि १९१२ चं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये, ६७२ टन वजनासकट, चाकांवर ठेवून पाच किलोमीटर नेलं. रेल्वे स्टेशन मात्र २०१३ पासून शहराबाहेरच्या तात्पुरत्या जागी आहे. तेव्हा जुन्या नकाशावर ‘स्टेशनजवळ’ लिहिलेलं ठिकाण आता कशाच्या जवळ आहे ते तपासून घ्या.

मी हल्ली काय करते सांगते. दोन-तीन महिने आधी बसते. आबिस्कोत रद्द करता येणारी खाट दिसली की पकडते. मग त्या तारखांच्या आजूबाजूचं तिकीट बघते. जमलं नाही तर खाट सोडते, पुन्हा शोधते. किरुना किंवा नार्विकला राहून एका दिवसात आबिस्को करता येतं का, हेही बघते. दिवसाच्या गाड्या आहेत, ‘लेन्सट्राफिकेन नॉरबोटेन’ची बसही आहे, पण दोन्ही मोजक्या. शेवटची चुकली तर रात्र फलाटावर.

तिकीट की पास

भाडी विमानासारखी चढतात, तेव्हा विक्री उघडली की घ्या. बुधवार-गुरुवारची रात्र शुक्रवारपेक्षा स्वस्त असते. डब्याचे तीन प्रकार : नुसती खुर्ची, ‘लिगवॉन’ म्हणजे सहा बंकांचा कूपा, आपल्या थ्री-टियरच्या जवळचा पण दार लागणारा, आणि ‘सोव्हवॉन’ म्हणजे खरा स्लीपर. लिगवॉनमध्ये चादर-उशी मिळते, बायकांसाठी वेगळा कूपाही मागता येतो. माझं मत लिगवॉनला. खुर्चीपेक्षा वरचे जे पैसे जातात, त्यात तुमची एक रात्रीची निवाऱ्याची सोय झालेली असते. खुर्चीवर रात्र काढून वाचवलेले पैसे दुसऱ्या दिवशी कॉफी आणि चिडचिडीत जातात.

पास म्हणजे अनेक देशांच्या गाड्यांत ठरावीक दिवस चालणारं एकच तिकीट. त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. भारतात राहणाऱ्यांसाठी युरेल, युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल. इथे पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत, वास्तव्य कुठलं ते बघतात. म्हणजे पुण्याहून जाणारा युरेल घेणार आणि स्टॉकहोमला नोकरी करणारा त्याचा भाऊ इंटररेल. या भावाला एक मेख आहे : इंटररेलच्या ग्लोबल पासवर स्वतःच्या राहत्या देशात फक्त दोनच प्रवास चालतात, एक बाहेर पडायचा आणि एक परतीचा. स्वीडनमध्ये राहून स्वीडन फिरायला तो पास घेतलात तर फसलात. पासवर रात्रीच्या गाडीचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसेही वेगळे.

पासची खरी मजा रात्रीच्या गाडीत आहे. संध्याकाळी निघून सकाळी पोहोचलं तरी प्रवासाचा एकच दिवस, निघाल्याचा, खर्ची पडतो. पोहोचल्यावर त्या दिवशी दुसरी गाडी पकडली नाही की झालं. पण नुसतं स्टॉकहोम-नार्विक जाऊन-येऊन करायचं असेल तर पास घेऊ नका, आगाऊ काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात. तीन देश मिळून चार-पाच लांबचे प्रवास असतील, तरच वहीत बेरीज करा. सत्तावीस वर्षांपर्यंतच्यांना पास स्वस्त मिळतो, त्यांचं गणित वेगळं निघू शकतं.

व्हिसा थोडक्यात : स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड तिन्ही देश शेंगेनमध्ये, एकच व्हिसा पुरतो. अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी शिराल तिथे. मोठ्यांची फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. रात्रीच्या गाडीची तिकिटंही फाइलमध्ये लावा, नाहीतर कागदावर तुमच्या दोन रात्री बेपत्ता दिसतात.

गाडीत

बसायला मिळालं तर नार्विककडे जाताना उजवी बाजू धरा. सत्तर किलोमीटर लांबीचं टोर्नेट्रेस्क सरोवर, पुढे सीमेवरचं रिक्सग्रेन्सेन, आणि मग रोम्बाक फ्योर्डकडे (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीकडे) उतरताना पाण्याची पहिली झलक, सगळं त्याच बाजूला. गाडीत खाण्याची सोय असते पण महाग आणि मर्यादित. नळाचं पाणी स्टेशनवरच बाटलीत भरून घ्या, स्वीडनमध्ये कुठल्याही नळाचं पाणी बिनधास्त प्या. रोख पैसे बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, टॅप करता येणारं कार्ड दोन ठेवा.

स्टेशनच्या पाटीवरचे तीन-चार शब्द पाठ करा. ‘स्पोर’ म्हणजे रूळ, फलाटाचा नंबर. ‘फर्शेनाद’ म्हणजे उशीर. ‘इनस्टेल्ड’ म्हणजे रद्द. आणि ‘बुस एरसेटर’ म्हणजे गाडीऐवजी बस, ती स्टेशनच्या पुढच्या दाराशी लागते का मागच्या, हे आधी विचारून ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये वासियाउरेजवळ खनिजाची गाडी घसरली आणि आबिस्कोच्या पुढचा मार्ग दोन महिने बंद पडला. फेब्रुवारीत सुरू झाला आणि चारच दिवसांत पुन्हा गाडी घसरली. पर्यायी मार्ग नाहीच. म्हणून परतीचं विमान आणि उत्तरेहून येणारी गाडी एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये एक रात्र मोकळी सोडा. ती रात्र स्टॉकहोमच्या हॉस्टेलात काढली तरी नवीन विमान तिकिटाहून स्वस्तच.

उशिराचे पैसे मिळतात, मागायला लाजू नका. युरोपीय नियमानुसार तासाभराहून अधिक उशीर झाला तर भाड्याचे किमान २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के. टोकाचं हवामान असेल तर मात्र रेल्वे कंपनीची सुटका आहे. सगळा प्रवास एकाच तिकिटात असेल तर पुढची चुकलेली गाडी कंपनीची जबाबदारी, तुकड्यातुकड्यात काढलेल्या तिकिटांची जबाबदारी तुमची. गाड्यांचा मेळ बघायला स्वीडनसाठी ‘रेसरोबोट’, नॉर्वेसाठी ‘एनतुर’, फिनलंडच्या रेल्वेसाठी ‘व्हीआर’ आणि बससाठी ‘मात्काहुओल्तो’ वापरा.

थंडीत मोबाइलची बॅटरी पन्नास टक्क्यांवरून एकदम मरते. फोन अंगाजवळच्या खिशात ठेवा, आणि तिकीट कागदावरही छापून घ्या.

जेवण

हॉस्टेलचं स्वयंपाकघर हाच तुमचा खरा फायदा आहे. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, भाजके पोहे, चटण्या, थालीपिठाची भाजणी सोबत घ्या. तूप, पेढे, खवा, चक्का मात्र नको : युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. दही तिथे ‘फिलम्योल्क’ नावाने मिळतं, आपल्या पातळ दह्याच्या जवळचं, खिचडीबरोबर उत्तम. मोठी खरेदी स्टॉकहोम किंवा किरुनाच्या सुपरमार्केटात करा, आबिस्कोच्या दुकानात निवड कमी.

फोडणीबद्दल एक. आबिस्कोला मी तेल तापवलं, मोहरी टाकली, वर दोन लाल मिरच्या. मोहरी तडतडायच्या आत छतावरची घंटा ओरडायला लागली. मिनिटभरात अठरा-वीस लोक लोकरी मोज्यांत बाहेर बर्फात, आणि मी हातात झारा घेऊन मधोमध. कुणी काही बोललं नाही, हेच जास्त लागलं. आता घरूनच फोडणी करून, गार करून, छोट्या बरणीत नेते आणि शिजलेल्या डाळीवर वरून घालते.

फुकटची छपरं

चालणाऱ्यांसाठी उत्तरेत निवाऱ्याचा आणखी एक थर आहे, पण हे उन्हाळ्यासाठी आणि अनुभव असणाऱ्यांसाठी. स्वीडन आणि नॉर्वेत मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना आहे. नॉर्वेत तो १९५७ च्या कायद्यात लिहिलेला : राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर, एका जागी दोन रात्रींपर्यंत. आबिस्को राष्ट्रीय उद्यानात मात्र ठरवून दिलेल्या जागीच. नॉर्वेत ‘डीएनटी’ या भटक्यांच्या संस्थेच्या बिनमाणसांच्या झोपड्या आहेत, सभासदाला किल्ली मिळते, काहींमध्ये कपाटात शिधा भरलेला असतो, वापरला तो लिहायचा आणि पैसे भरायचे. पहाऱ्याला कुणी नाही.

सगळ्यात लोभस फिनलंडच्या ‘आउतिओतुपा’. सरकारी वनखात्याच्या रानातल्या मोफत झोपड्या, चूल आणि लाकडं असतात, आरक्षण नाही, एक-दोन रात्री राहायचं. नियम आपल्या जनरल डब्याच्या बरोबर उलटा : शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. तुम्ही दुपारपासून पाय पसरून बसला असाल आणि रात्री दहाला भिजलेला माणूस दारात आला, तर तुम्ही सरकायचं, जागाच नसेल तर तुम्ही तंबूत जायचं. जाताना लाकडं फोडून ठेवायची, पुढच्यासाठी.

परतताना दुसऱ्या वाटेने

आलो तसंच परत जायचं नसेल तर दोन वाटा. नार्विकहून बसने फाउस्के किंवा बूडो, मध्ये एक फेरीबोटही लागते, आणि तिथून ७२९ किलोमीटरचा नूरलान मार्ग ट्रॉन्हाइमला, सुमारे दहा तास. ही बस पासमध्ये आहे असं गृहीत धरू नका.

दुसरी वाट पूर्वेला : बोडनहून हापारांडा, तिथून नदीपलीकडचं फिनलंडमधलं टोर्निओ, पुढे बसने केमी, आणि केमीहून हेलसिंकीची रात्रीची गाडी. फिनलंडचा रूळ १५२४ मिलिमीटरचा, स्वीडनचा १४३५ चा, म्हणून इथे गाडी बदलणं आलंच. दोन गावं इतकी चिकटून आहेत की सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. मलाही कळली नाही. हापारांडात निवांत कॉफी घेतली, सव्वादोनच्या बससाठी दोन वाजता पुलापलीकडे पोहोचले, तर तिथल्या घड्याळात तीन वाजलेले. फिनलंड स्वीडनपेक्षा एक तास पुढे आहे. माझी बस तेव्हा केमीला टेकलीही असेल. वेळापत्रकात टोर्निओतली वेळ फिनलंडची असते आणि हापारांडातली स्वीडनची, तेव्हा बसस्टॉप नदीच्या कुठल्या काठाला आहे ते आधी बघा आणि मग कॉफी मागवा.